कॉरोनरची ज्युरी की फिस्कलची बंद खोली?

जॉर्जियन काळात (साधारण १७१४ ते १८३०) इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यू झाला की कॉरोनर, म्हणजे अशा मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, यायचा, गावातली माणसं ज्युरी म्हणून गोळा व्हायची आणि चौकशी बहुधा गुत्त्यातच भरायची. ज्युरीने प्रेत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चौकशी वैधच नसे. निकालाला किमान बारा जणांचं एकमत लागे.

सीमेपलीकडे स्कॉटलंडमध्ये यातलं काहीच नाही. तिथे प्रोक्युरेटर फिस्कल हा सरकारी वकील साक्षीदारांना खाजगीत विचारायचा आणि खटला भरायचा की नाही ते ठरायचं. ज्युरी नाही, बघे नाहीत.

इंग्लिश पद्धतीचा मोठा गुण म्हणजे वेग. १७५१ च्या ऑगस्टमध्ये हेन्लीचे वकील फ्रान्सिस ब्लँडी वारले, लगेच चौकशी बसली आणि संशय मुलगी मेरीवर आला. पुढच्या वर्षी ऑक्सफर्डच्या खटल्यात डॉ. अँथनी ॲडिंग्टन यांनी सांगितलं, की संशयित पूड तापल्या लोखंडावर टाकली तेव्हा लसणासारखा वास आला. म्हणजे आर्सेनिक हे विष. ६ एप्रिल १७५२ ला मेरी फासावर गेली.

पण कॉरोनरला वैद्यकाचं ज्ञान असावं अशी अट नव्हती. १७५२ च्या कायद्याने त्याला दर चौकशीमागे एक पौंड आणि मैलामागे नऊ पेन्स मिळू लागले. त्यात डॉक्टरची फी कुठून येणार? शिवाय सुरुवातीलाच गावभर बोभाटा.

तरी मला विचाराल तर इंग्लिश पद्धतच बरी. निदान गावाला कळायचं तरी. (मुंबईतही १९९९ पर्यंत कॉरोनर होताच.) फिस्कलने प्रकरण दाबलं, तर दाद कुठे मागायची?