सायलोसायबिन थेरपीच्या नावाखाली माझे ६६,५०० रुपये गेले

नाव लिहीत नाही, लाज वाटते. पण मुळशीकडच्या 'मशरूम थेरपी'चा मेसेज तुम्हालाही आला असेल, तर एक रुपयाही भरू नका. सायलोसायबिन म्हणजे काही मशरूममध्ये असणारं, भास निर्माण करणारं द्रव्य; डिप्रेशनवर ते देतो, असं हा माणूस सांगतो.

दोन वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. रडणं थांबलं, झोप लागायला लागली, आनंद मात्र परत आलाच नाही. डिसेंबरात सवाईच्या मंडपात मारवा रंगला होता, शेजारच्या काकू डोळे पुसत होत्या आणि मी घड्याळ बघत होते. अशात कुणी 'पुन्हा गाणं आवडायला लागेल' म्हटलं की माणूस पैसे देतो. मी काही अडाणी नाही. त्या थेरपीवाल्याने पाठवलेली माहिती मी तपासली, ती खरी निघाली: सायलोसायबिनच्या एका डोसची (२५, १० किंवा १ मिलिग्रॅम) डिप्रेशनच्या २३३ रुग्णांवरची चाचणी २०२२ मध्ये छापून आली, ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञ ते देऊ शकतात. आपल्याकडे एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी आहे, हेही वाचलं होतं. 'आम्हाला रिसर्चची परवानगी आहे,' म्हणाला. तो कागद मागा! मी मागितला नाही.

३,००० कन्सल्टेशनचे. अकरा मिनिटांचा कॉल. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया आहे का, हे त्याने विचारलंच नाही. खऱ्या चाचण्यांत हे आधी विचारतात. मावशीला आहे, हे मीच सांगितलं, तर 'चालतं हो ताई'. तिथेच फोन ठेवायला हवा होता. वर 'गोळ्या आजपासून बंद करा', आणि मी केल्या. चौथ्या दिवशी डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होत होतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका, कुणी काहीही सांगो.

२२,५०० बुकिंगचे. कोड स्कॅन केला तर नाव आलं मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. अंगठा थांबला होता माझा. तरी दाबला. मग ४१,००० राहण्याचे. पौडच्या पुढे बंगल्यावर गेले, तर वॉचमन म्हणाला, "मॅडम, हा वर्षभर बंदच आहे."

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, मी दुसऱ्या दिवशी केला. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलिसांनी अडीच तास बसवून ठेवलं आणि विचारलं, "मशरूम खायला निघाला होतात ना? मग केस तुमच्यावरच होईल." तिथल्या दोघांना हसू आवरेना. आजारी माणूस फसला, तर गुन्हेगार तोच? तक्रार 'अर्ज' म्हणून घेतली, एफआयआर नाही. तीनदा गेले, तिन्ही वेळा 'साहेब बंदोबस्तावर'.

मला त्याने ब्लॉक केलंय. शनिवारी बहिणीच्या फोनवरून लावला, तर पहिल्या रिंगला उचलला आणि पुढच्या बॅचची तारीख सांगितली.