ठिपक्यांचा नकाशा की कोरा नकाशा: ‘व्हॅल्हाला’ घ्यावा की ‘एल्डन रिंग’?

ओपन वर्ल्ड (विस्तीर्ण जगात हवे तिथे फिरू देणाऱ्या) प्रकारातला एकच मोठा गेम घ्यायचा असेल आणि निवड ‘असॅसिन्स क्रीड व्हॅल्हाला’ (२०२०) व ‘एल्डन रिंग’ (२०२२) या दोहोंवर येऊन अडली असेल, तर ग्राफिक्सची चर्चा करण्याआधी तेच ते काम किती वेळा करण्याची आपली तयारी आहे, हे ठरवावे.

उंच जागी चढायचे, भोवतालचा प्रदेश उलगडायचा आणि नकाशावर उमटलेली चिन्हे एकेक करून निकालात काढायची, हा साचा ‘व्हॅल्हाला’ बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने २००७ च्या पहिल्या ‘असॅसिन्स क्रीड’पासून रुळवला आणि २०१२ च्या ‘फार क्राय ३’मधल्या रेडिओ टॉवरांनी तो पक्का केला. ‘व्हॅल्हाला’त नवव्या शतकातले इंग्लंड अतिशय देखणे उभे केले आहे; पण सोनेरी ठिपका म्हणजे संपत्ती आणि निळा म्हणजे एखादे गूढ, हे तिथे पोहोचण्याआधीच कळलेले असते. (आधीच जाहीर झालेल्या गूढाला गूढ का म्हणावे, हा प्रश्न वेगळा.) झोपडीच्या दाराला आतून अडसर असतो, म्हणून वळसा घालून खिडकीतून नेम धरायचा, बाणाने अडसर फोडायचा आणि आत शिरायचे. पहिल्यांदा ही युक्ती सुचते तेव्हा मजा येते; पुढे अडसर दिसला की पाय आपोआप खिडकीकडे वळतात.

‘एल्डन रिंग’मध्ये नकाशाचे तुकडे शिलास्तंभांपाशी शोधावे लागतात, आणि तुकडा हाती आला तरी कुठे काय दडले आहे याची यादी मिळत नाही. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातल्या तळ्यातल्या पडक्या वास्तूखालची एक पेटी उघडताच धूर निघतो आणि नवखा खेळाडू थेट केलिड या दुसऱ्याच प्रदेशातल्या खाणीत जाऊन पडतो, जिथले शत्रू त्याच्या आवाक्याबाहेरचे असतात. त्यानंतर कोणतीही पेटी उघडताना हात क्षणभर थबकतो. साचा इथेही आहे, चाहते तो सहसा कबूल करत नाहीत एवढेच: भुयारी थडगी एकाच मुशीतून काढलेली, आत कळ शोधून दार उघडायचे, आणि समोर येणारा बॉस (शेवटचा बलाढ्य शत्रू) अनेकदा आधी कुठेतरी मारलेलाच.

‘व्हॅल्हाला’त काठिण्यपातळी कमी करता येते आणि गेम हवा तेव्हा थांबवता येतो, ‘एल्डन रिंग’मध्ये पहिली सोय नाही आणि दुसरी सरळपणे मिळत नाही, त्यामुळे ऐन लढाईत दाराची बेल वाजली तर मरण ठरलेले. तरीही युबिसॉफ्टचे दोन-तीन गेम ज्याने आधीच संपवले आहेत, त्याने ‘एल्डन रिंग’च घ्यावा. ज्याचा हा पहिलाच ओपन वर्ल्ड गेम आहे, त्याला तो साचा अजून नवा आहे. त्याने ‘व्हॅल्हाला’ खुशाल घ्यावा, मात्र सगळे ठिपके संपवण्याच्या फंदात पडू नये.