सोलर, एलईडी की आधी गळती? थोडक्या पैशात कंपनी पर्यावरणस्नेही करताना

‘कंपनी पर्यावरणस्नेही करायची’ असं ठरलं की मीटिंगमध्ये पहिला शब्द येतो सोलर आणि दुसरा वृक्षारोपण. मशीन चालवायला हवा दाबून देणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेची गळती कुणाच्या तोंडी येत नाही, कारण बंद केलेल्या गळतीसमोर उभं राहून फोटो काढता येत नाही. हाताशी पैसे थोडे असतील तर माझा क्रम मात्र नेमका उलटा आहे.

सोलर वाईट नाही. एका किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर बिनसावलीचं छत धरा. पॅनेलवर बहुतेक उत्पादक २५ वर्षांच्या कामगिरीची हमी देतात, पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागतो. माझी हरकत वेगळीच आहे. किती किलोवॉटचं सोलर घ्यायचं हे आजच्या बिलावरून ठरतं आणि आजच्या बिलात वाया जाणारी वीजही असते. म्हणजे फुटका माठ तसाच ठेवून मोठा नळ बसवायचा, आणि त्या नळाचे पैसे पुढची कित्येक वर्षं फेडायचे.

म्हणून कारखाना असेल तर आधी हवेकडे बघा. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम १० ते १५ टक्केच शेवटी कामी येते, बाकीची उष्णता होऊन जाते. इतक्या महागड्या हवेची गळती मोजायला उपकरणही लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीन थांबवा, कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि घड्याळ घेऊन त्याच्याजवळ उभे राहा. हवा कुणीच वापरत नसताना तो २ मिनिटं लोड (हवा भरत) आणि ६ मिनिटं अनलोड (हवा न भरता नुसता फिरत) होत असेल, तर त्याच्या क्षमतेचा चौथा हिस्सा गळतोय. देखभाल नसलेल्या ठिकाणी २०-३० टक्के गळती अजिबात नवलाची नाही. मग साबणाचं पाणी घेऊन जोड, कपलिंग, जुने होज तपासत जायचं. एका शेडमध्ये मी पाहिलंय: मशीन कधीच विकलं गेलेलं, हवेची लाइन मात्र चालूच, टोकाला चिंधी गुंडाळलेली आणि त्यातून अखंड फुसफुस. रोज तिथून जाणाऱ्यांना तो आवाज ऐकू येईनासाच झाला होता. गळती थांबली की दाबही थोडा उतरवून बघा. १ बार (दाब मोजायचं एकक) कमी केला तर वीज साधारण ६-७ टक्क्यांनी घटते. फक्त सर्वात लांबच्या मशीनला हवा पुरते ना, ते तपासा.

या उपायाची खोट अशी की गळती परत येते. दर तीन महिन्यांनी फेरी मारायला एक माणूस ठरवून दिलेला नसेल, तर वर्षभरात ये रे माझ्या मागल्या. एलईडीचं तसं नाही, एकदा बसवलं की विसरून जा. ३६ वॉटची जुनी ट्यूब चोकसकट ४५ वॉटच्या आसपास खाते, एलईडी ट्यूब १८-२० वॉटमध्ये तेवढंच काम करते. पण पैसे वसूल कधी होतील ते दिवा किती तास जळतो यावर ठरतं. बारा तास उजळलेलं गोदाम आधी घ्या. दिवसातून अर्धा तास उघडणाऱ्या स्टोअररूममधली ट्यूब जाईपर्यंत राहू द्या.

पंखे, ब्लोअर आणि पंपांना व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, बसवायचा सल्लाही सर्रास मिळतो. त्यातलं गणित खरंच मोहात पाडणारं आहे: वेग ८० टक्क्यांवर आणला की पंख्याला लागणारी वीज जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) किंवा व्हॉल्व्ह अर्धवट बंद करून प्रवाह आवरला जात असेल, तिथे व्हीएफडी डोळे झाकून घ्या. मोटर कायम पूर्ण वेगानेच लागणार असेल तर नको. तो स्वतःच दोन-चार टक्के खातो.

नुसतं ऑफिस असेल तर चित्र बदलतं. तिथे मी एसीपासून सुरुवात करेन, आणि तापमानाच्या सेटिंगआधी गॅसपासून. आर-४१०ए हा गॅस १ किलो गळाला तर हवामानावर होणारा परिणाम सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइडएवढा असतो, म्हणजे जवळजवळ पावणेआठशे लिटर डिझेल जाळल्यासारखं. दरवर्षी ‘गॅस भरून घ्या’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला आधी गळती शोधायला लावा. नवा एसी घ्यायची वेळ आलीच तर आर-३२ या गॅसचा हाच आकडा साधारण एक तृतीयांश आहे. लॅपटॉपचं उलट: त्याच्या एकूण कार्बनचा मोठा वाटा तो तयार होतानाच खर्ची पडलेला असतो. तेव्हा कमी वीज खाणारा नवा घेण्यापेक्षा बॅटरी बदलून जुना दोन वर्षं जास्त चालवणं बहुतेक वेळा सरस ठरतं.

झाडं जरूर लावा, पण उत्सर्जन कमी केलं म्हणून ती खात्यावर मांडू नका. आणि आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र? ते तुमच्याकडे व्यवस्था आहे एवढं सांगतं, धूर किती कमी झाला ते नाही. मोठा ग्राहक मागत असेल तर घ्या, नाहीतर तो पैसा दुरुस्तीला वापरा.

यातलं आपल्याकडे काय लागू पडतं हे कळायला सल्लागार नंतर बोलवा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मीटरचं रीडिंग लिहून ठेवा, सुट्टीनंतर सकाळी पुन्हा घ्या. ‘बंद’ कंपनी किती युनिट खाते ते पाहून निम्मी कामं आपोआप सुचतात.

जागा भाड्याची असेल तर करारात उरलेली वर्षं मोजल्याशिवाय छतावर पैसा घालू नका. अशा वेळी ‘पॅनेल आमचे, तुम्ही फक्त युनिटचे पैसे द्या’ ही सोलर कंपन्यांची योजना सोयीची वाटते, कारण सुरुवातीला खिशातून काही जात नाही. तिचे करार मात्र १५-२५ वर्षांचे असतात. जागा सोडली तर काय, हे त्यात बघाच. त्याहून बारकाईने किमान युनिट उचलण्याचं, म्हणजे वापरा न वापरा ठरलेल्या युनिटचे पैसे देण्याचं कलम वाचा. गळत्या बंद करण्याआधी सही केलीत, तर नंतर वाचवलेल्या युनिटचेही पैसे भरावे लागू शकतात.