पर्यटनाचे ओरखडे कॅमेऱ्यात टिपायला अजिंठा की म्हैसमाळ?

अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट भुरळ घालतो. खाली वाघूर नदीची, घोड्याच्या नालेसारखी दरी. १८१९मध्ये जॉन स्मिथला लेणी दिसली ती लेण्यांसमोरच्या याच कड्यावरून. पण लेण्यांकडे येणाऱ्या खासगी गाड्या दूर फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबतात. त्यामुळे फ्रेममध्ये माणसं मुंगीएवढी, ओरखडे जवळपास नाहीतच. सुंदर पोस्टकार्ड, बस्स.

खुलताबादजवळच्या म्हैसमाळला मात्र गाडी थेट पठारावर. श्रावणातल्या रविवारी ओल्या गवतात चाकांचे चर उमटतात, कडेला खाल्लेली कणसं, वेफर्सची पाकिटं. (गर्दीत आपलीही गाडी असतेच म्हणा.) वाइड लेन्स जमिनीलगत धरा: पुढ्यात चिखलाचा चर, मागे ढगात बुडालेला डोंगर. सकाळी सातची फ्रेम संध्याकाळी पाचला पुन्हा त्याच जागेवरून घ्या. माझं मत म्हैसमाळलाच. लेन्सवरचं धुकं पुसायला दोन सुती रुमाल ठेवा.