ठसा छापावा हाताने की प्रेसवर?

लिनो (लिनोलियमचा मऊ पत्रा) आणि लाकूड कोरून ठसा बनवण्याचा हात बसला की पुढचा प्रश्न खर्चाचा आणि जागेचा असतो: बॅरेन (कागद मागून घासण्याची चपटी गोल गादी) आणि चमच्यावर काम चालवावे, की घरात एक लहान एचिंग प्रेस (प्लेट आणि कागद रोलरखालून दाबून काढणारे यंत्र) आणावी? मी दोन्ही मार्गांनी बराच काळ काम केले आहे आणि माझा कल एका बाजूला झुकलेला आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

एचिंग, ॲक्वाटिंट किंवा ड्रायपॉइंट, म्हणजे प्लेटवर खाचा पाडून छापण्याचे प्रकार, हेच तुमचे माध्यम असेल, तर निवडीला वावच नाही. तिथे शाई रेषेच्या खाचेत असते आणि ओलसर कागद त्या खाचेत शिरण्याइतका दाब मनगटातून येत नाही. पॅरिसच्या ‘आतेलिए १७’ या छापचित्र-कार्यशाळेत भारतीय छापचित्रकार कृष्णा रेड्डी यांनी कमी-अधिक चिकट शाया आणि कमी-अधिक कठीण रोलर वापरून एकाच प्लेटवर अनेक रंग आणले, तेही प्रेसच्या दाबावरच उभे असलेले तंत्र आहे. मोनोटाइपमध्येही (गुळगुळीत प्लेटवर शाईने चित्र काढून त्याचा छाप घेणे) फ्रेंच चित्रकार देगासप्रमाणे दुसरा फिका छाप काढून त्यावर पेस्टलने काम करायचे असेल, तर प्रेसची साथ मोलाची ठरते.

प्रश्न उरतो तो उठाव छपाईचा, म्हणजे कोरून उरलेल्या उंच भागावर शाई लावून छापण्याचा. प्रेसवर मोठा काळा भाग सलग आणि गडद उतरतो, जाड कागद चालतो आणि प्रती एकसारख्या निघतात. हाताने तोच काळा भाग घासताना मनगट भरून येते आणि नीट लक्ष न दिल्यास त्यात पांढरे ठिपके राहतात. एवढ्यावरच ठरवायचे असते, तर मीही प्रेसच्याच बाजूने बोललो असतो.

पण प्रेसची एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. कागद फेल्टखाली (प्रेसच्या जाड लोकरी कापडाखाली) गेला की दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत आपल्याला काहीच दिसत नाही. एचिंग प्रेस पातळ प्लेटसाठी बनलेली असते. तिच्यावर जाड ठसा ठेवला की रोलर त्याच्या कडेवर चढताना धक्का बसतो, कागद केसभर सरकतो आणि रेघ दुहेरी उमटते. ते टाळण्यासाठी ठशाच्या दोन्ही बाजूंना त्याच उंचीच्या पट्ट्या लावाव्या लागतात आणि ठशाची जाडी बदलली की दोन्हीकडचे स्क्रू पुन्हा जुळवावे लागतात. दाब थोडा जास्त झाला तर बारीक पांढऱ्या रेषांत शाई भरते, एका बाजूला कमी झाला तर तेवढी बाजू फिकी पडते, आणि यातले काय घडले ते चांगला कागद खर्ची पडल्यावरच कळते.

हाताने छापताना ही अडचण येत नाही. तेलाच्या शाईला चिकटलेला पातळ कागद एका हाताने दाबून धरावा, दुसऱ्या हाताने अर्धा उचलून पाहावा, कमी वाटेल तिथे छोट्या रोलरने शाई द्यावी आणि कागद पुन्हा जागेवर टेकवावा. आकाश हलके घासून झाडाचे खोड जोर देऊन घासले, तर एकाच ठशातून दोन वेगळ्या छटा मिळतात, आणि भाव उमटवण्यासाठी मला नेमके हेच हवे असते. जपानी चित्रकार होकुसाई आणि हिरोशिगे यांची बहुरंगी छापचित्रे बॅरेननेच घासून काढलेली आहेत, त्यामुळे या पद्धतीला प्राथमिक समजण्याचे कारण नाही. कागद मात्र पातळ आणि लांब तंतूंचा, जपानी किंवा नेपाळी धर्तीचा हवा. जाड एचिंग कागदावर चमचा कितीही फिरवला तरी समाधान होत नाही.

म्हणून, तुमची गरज वेगळी असू शकते हे मान्य करूनही, मी आधी चांगला बॅरेन आणि चांगला कागद घ्या असेच सुचवेन. प्रेस लागेल तेव्हा सामायिक स्टुडिओत जाता येते. एका ठशाच्या पन्नास तंतोतंत सारख्या प्रती काढायच्या असतील, तर मात्र माझा कल बाजूला ठेवून प्रेसच निवडावी.