एम्पथीचं दोन दिवसांचं वर्कशॉप: पैसे वसूल झाले का?

आधीच सांगते, पाचपैकी साडेतीन देतेय आणि त्यातले तीन एकट्या शनिवारच्या दुपारच्या सेशनचे आहेत.

पुण्यात एरंडवण्यातल्या एका हॉलमध्ये हे एम्पथीचं, म्हणजे समोरच्याला समजून घ्यायचं, वर्कशॉप शनि-रवि होतं, फी ४५०० रुपये, जेवण-चहा त्यातच. आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हीच पद्धत शिकवणारे बरेच आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच मिळेल असं वाटतं. पद्धत म्हणजे नॉनव्हायोलंट कम्युनिकेशन (अहिंसक संवाद), मार्शल रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बसवलेली. हा माणूस डेट्रॉइटमध्ये वाढला, १९४३ च्या तिथल्या वांशिक दंगलीत लहानपणी घरात कोंडून बसला, शाळेत ज्यू आडनावावरून मार खाल्ला, आणि पुढे साठच्या दशकात अमेरिकेत गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करताना जी भांडणं होत होती तिथे मध्यस्थी करता करता हे सगळं उभं राहिलं. नावातली अहिंसा आपल्या गांधीजींवरून. मला हा भाग फार आवडला, आणि म्हणूनच पुढे रोल प्लेमध्ये जेव्हा 'बॉसला फीडबॅक कसा द्यायचा' हेच दळण सुरू झालं तेव्हा जरा चिडचिड झाली, दंगलीतून आलेली गोष्ट अप्रेझलपर्यंत आणून ठेवली.

हातात घालायच्या दोन बाहुल्या असतात, जिराफ आणि कोल्हा. कोल्हा दोष काढतो, जिराफ समजून घेतो. जिराफच का, तर म्हणे जमिनीवरच्या प्राण्यांत सगळ्यात मोठं हृदय त्याचं. अहो, हत्तीचं त्याहून मोठं असतं! पण कुणी बोललं नाही, मीही नाही बोलले, समजून घेतलं.

मूळ फॉर्म्युला चार पायऱ्यांचा: काय घडलं ते ठपका न ठेवता सांगायचं, मग आपल्याला काय वाटलं, मग आपली गरज काय, आणि शेवटी विनंती. कागदावर छान आहे. घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, 'तू स्कूटर रिकामी करून चावी अडकवून ठेवतोस तेव्हा मला सकाळी टेन्शन येतं कारण मला वेळेवर पोचायची खात्री हवी असते, तर टाकी पाव भरायच्या आत आली की पेट्रोल भरशील का?' त्याने दोन सेकंद बघितलं आणि विचारलं, 'हे कोर्समध्ये शिकवलंय का?' आपल्या घरांत असं कुणी बोलतच नाही हो, ऐकणाऱ्याला वाटतं एचआरचा मेल वाचून दाखवतायत. ट्रेनर म्हणाल्या सरावाने नैसर्गिक होतं. होत असेल.

आता शनिवारची दुपार. जोड्या लावल्या, एकाने आपली खरीखुरी अडचण सांगायची आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचं. सल्ला नाही, प्रश्नांची सरबत्ती नाही, 'होतं असं, जाऊ दे' नाही, आणि 'अगं माझं तर विचारूच नको' हे तर अजिबात नाही. फार तर शेवटी एक अंदाज, 'तुला एकटं पडल्यासारखं वाटलं का?' एवढंच. आमच्या शेजारच्या जोडीत बँकेतून रिटायर झालेले एक काका होते आणि समोर नोकरी सोडायच्या विचारात असलेली मुलगी. काकांचं तोंड दर अर्ध्या मिनिटाला उघडायचं आणि बंद व्हायचं, पीएफ, ग्रॅच्युइटी, नोटीस पीरियड सगळं ओठांवर आलेलं दिसत होतं, एकदा तर त्यांनी चक्क हाताने तोंड धरलं. ती मुलगी शेवटी म्हणाली की घरात हे कुणी पूर्ण ऐकूनच घेतलं नव्हतं. त्यावर काका, 'गप्प बसायला शिकवायचे पैसे घेतात हे लोक, पण बरोबर घेतात.'

मला स्वतःला याचा उपयोग झाला तो बाबांच्या श्रवणयंत्रावरून. एवढं महागाचं मशीन डबीत पडून असतं, आम्ही रोज ओरडतो घाला ना घाला ना. या वेळी नुसतं विचारलं, 'बाबा, ते घातलं की त्रास होतो का?' आणि थांबले. बराच वेळ काही नाही, मग म्हणाले की कुकरची शिट्टी आणि भांडी डोक्यात जातात, आणि चारचौघांत सगळे कानाकडेच बघतात. पहिली गोष्ट मशीन बसवणाऱ्यांकडे जाऊन सेटिंग बदलून थोडी कमी झाली. दुसरीचं काय करणार. अजूनही बातम्या आणि कीर्तनापुरतंच घालतात, पण आमचं ओरडणं थांबलंय.

रविवारी एका ताईंनी विचारलं, 'घरात सगळ्यांना रोज मीच समजून घेते, मग मी इथे काय शिकायचं?' अख्खा हॉल शांत. ट्रेनर म्हणाल्या समजून घेणं म्हणजे मान्य करणं नाही, स्वतःच्या गरजाही तेवढ्याच महत्त्वाच्या, नाही म्हणता येतं. चुकीचं काही नाही त्यात, पण ज्या घरात नाही म्हटलं की आठवडाभर अबोला मिळतो तिथे काय करायचं यावर पाच मिनिटांत स्लाइड पुढे गेली. माझ्या मते सबंध रविवार याच प्रश्नाला द्यायला हवा होता. त्याऐवजी शेवटचा तास सहा महिन्यांच्या पुढच्या कोर्सची जाहिरात, तीही 'आजच भरलं तर सवलत' वाली. समोरच्याला आता घरी जायचंय ही गरज कुणाच्या लक्षात आली नाही.

बाकी किरकोळ: पाऊण तास उशिरा सुरू झालं, हँडआउट सगळं इंग्लिशमध्ये त्यामुळे काका-काकूंची पंचाईत, जेवण चांगलं होतं, मसालेभात विशेष. पार्किंग नाही, रिक्षाने जा. नवरा-बायको दोघं जाणार असाल तर एकाच जोडीत बसू नका, अनोळखी माणसासमोर जास्त जमतं. पुढचा कोर्स मी घेतला नाही, पण आधी वर्कशॉप केलेल्या लोकांचा महिन्यातून एकदा सरावगट भरतो, तो फुकट आहे आणि तिथे फक्त ऐकायचा भाग करतात, तिथे जाते. काकाही येतात.