नायट्राइल सोलचे सेफ्टी शूज : एक पावसाळा, एक हिवाळा वापरून

शिरोली एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये मी सेटर आहे, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा. हे बूट पावसाळ्याच्या तोंडावर घेतले, आता उन्हाळा लागलाय. आधी ठेकेदाराकडून पीयू (पॉलीयुरेथेन, हलकं फोमसारखं प्लास्टिक) सोलचे मिळायचे. हे स्वतःच्या पैशानं घेतलेले: नायट्राइल रबरचा सोल, चामड्याचे, घोट्यापर्यंत उंच, पुढं स्टीलची टोपी, वर्ग एस ३, म्हणजे पाणी लवकर न शिरणारा आणि तळातून खिळा न घुसणारा. किंमत पीयूच्या जवळपास दुप्पट.

दुकानदार आधी टोपीवर टकटक करून दाखवतो. पण टोपीत निवडायला फारसं काही नसतंच. आयएस १५२९८ या सेफ्टी शूजच्या भारतीय मानकातल्या भाग २ चा बूट म्हटलं की टोपी २०० जूलचा मार सोसणारी, म्हणजे अंदाजे २० किलोचं वजन मीटरभरावरून पडलं तर तेवढा. भाग ३ ला हाच आकडा निम्मा, आणि भाग ४ ला टोपीची सक्तीच नाही. म्हणून नुसता आयएसआय छाप बघून भागत नाही, भाग कितवा ते वाचायचं. छापासोबतचा सीएम/एल (लायसन्स) नंबर मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स कुणाचं ते कळतं. मी दुकानात उभ्या उभ्या टाकला, मालकाला काही ते आवडलं नाही.

खरे पैसे सोलचे. लेथवर कापलेल्या धातूची चिप, म्हणजे गरम कीस, निळी होऊन खाली पडते. पीयूवर ती चिकटते, जागा वितळवून आत रुतते, आणि मग फरशीवर चालताना खडखड वाजते. जुनी जोडी उलटी केली तर तळ नुसता चिप्सनी भरलेला. नायट्राइलवर काळा डाग उठतो, चिप पाय झटकला की पडते. मानकात यासाठी एचआरओ अशी खूण आहे, ३०० अंशाला मिनिटभर टेकवून बघतात. गरम काम असेल तर ही तीन अक्षरं शोधाच.

घसरण्याचं मात्र फार कौतुक करणार नाही. एसआरसी ही न घसरण्याची खूण लिहिलीय, पण ती चाचणी साबणपाण्याच्या टाइलवर आणि ग्लिसरीन लावलेल्या स्टीलवर होते. आमच्या फरशीवर कुलंट (मशीन थंड ठेवायचं तेलकट पाणी) आणि त्यात बारीक बर, म्हणजे धातूचे कण. खाचा भरल्या की कुठलाही सोल घसरणारच. जेवणाच्या सुट्टीत तारेचा ब्रश मारतो, तेवढ्यानं बराच फरक पडतो.

पीयू वाईट असं नाही. पॅकिंगला, असेंब्लीला, दिवसभर चालणाऱ्याला तोच हलका आणि बरा. फक्त दमट हवेत तो न वापरताही आतून कुजतो. आमच्या एका हेल्परला स्टोअरमधली जुनी कोरी जोडी मिळाली आणि पहिल्याच शिफ्टला टाच ढेकळासारखी सुटली. बुटावर उत्पादनाचं वर्ष छापलेलं असतं, ते बघून घ्या.

तक्रारी दोन. वजन जास्त आहे, शिफ्ट संपता संपता पोटऱ्या भरून येतात. दुसरी बाइकवाल्यांसाठी: टोपी जाड असल्यानं गिअरच्या खाली पाय नीट जात नाही, आणि डाव्या बुटाचं चामडं टोपीवरच घासून पांढरं पडलंय. शिवण अजून शाबूत आहे. पावसात वरून पाणी लवकर शिरलं नाही, पण एकदा आत गेलं की वाळायला दोन दिवस. वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवतो. हीटरजवळ ठेवला तर चामडं तडकतं.

माप संध्याकाळी, जाड मोजे घालून घ्यावं. पायरी उतरताना बोटं टोपीला लागली तर एक नंबर मोठा.

इलेक्ट्रिशियन मंडळींनी यावर अँटिस्टॅटिक लिहिलंय म्हणून घेऊ नये. ते अंगावरचा स्थिर भार जमिनीत जाऊ देण्यासाठी असतं, शॉकपासून वाचवायला नाही. तुमचे बूट वेगळे. आणि शेजारच्या फाउंड्रीत रस (वितळलेला धातू) ओतणाऱ्यांनाही हे चालणार नाहीत. लेसमध्ये, जिभेच्या फटीत रसाचा थेंब अडकला तर बूट काढेपर्यंत पाय भाजतो. त्यांना बिनलेसचे, झटक्यात निघणारे आणि वरून पँट किंवा गेटर (पोटरीवरचं आवरण) येईल असेच हवेत.